पाठीचा कणा आणि शस्त्रवैद्य

पूर्वीच्या अहमदनगर आणि आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, पारनेर तालुक्यांत, राळेगणसिद्धी हें गांव आहे. मुलूख पर्जन्यछायेंतला, वर्षाचा पाऊस ४०० ते ५०० मिलिमीटर, आणि तोही आला तर आला. १९७५ सालानंतर या गांवानें नाले अडविले, पाझर तलाव दुरुस्त केले, उतारांवर चर खणले, आणि अडविलेल्या पाण्यानें गांवाचें नांव देशभर झालें. या कथेंत कुदळ, घमेलें, माती आणि दगड यांची आठवण सर्वांस होते. ज्याच्या बळावर घमेलें डोक्यावर चढतें त्या पाठीच्या कण्याची आठवण कोणास होत नाहीं. तो दुखूं लागेपर्यंत त्याची आठवण होऊं नये, अशीच निसर्गाची योजना असावी.

त्या पाणलोटाच्या कामाचे प्रवर्तक किसन बाबूराव हजारे, म्हणजेच अण्णा हजारे, हे गांवीं परतण्यापूर्वीं सैन्यांत मोटारचालक होते. १९६५ च्या युद्धांत खेमकरणच्या आघाडीवर त्यांच्या वाहनावर मारा झाला. सोबतचे जवान मृत्यू पावले, ते स्वतः वांचले. त्याच युद्धांत, सियालकोटच्या बाजूस, सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचा वीस वर्षांचा एक मराठी जवान गोळ्यांनीं जखमी झाला. सैन्याच्या विद्युत् व यांत्रिक अभियांत्रिकी दलांत तो होता, मुष्टियुद्धांत तरबेज होता, आणि त्याचें नांव मुरलीकांत पेटकर. त्याला लागलेल्या गोळ्यांपैकीं एक कण्यांत रुतून बसली व कमरेखालचें शरीर लुळें पडलें. एकाच युद्धांत मृत्यू एका शिपायास चाटून गेला आणि दुसऱ्याच्या कण्यांत घर करून राहिला.

या दुसऱ्या शिपायाचें पुढें काय झालें तें कळण्यासाठीं आधीं पाठीच्या कण्याची वैद्यकी कोठून कोठें आली, हें पाहिलें पाहिजे. कारण हीच जखम तीस वर्षें अगोदर झाली असती, तर पुढें सांगण्यासारखी हकीकत बहुधा उरलीच नसती.

कणा म्हणजे एक हाड नव्हे. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे सुटे मणके, आणि त्यांच्याखालीं एकजीव झालेलीं त्रिकास्थि व माकडहाड, अशी ही माळ आहे. दोन मणक्यांच्या मध्यें कूर्चेची गादी असते. त्यामुळें माळ वांकते, वळते आणि धक्का सोसते. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूस एक कडें असतें, आणि अशा कड्यांच्या नळींतून मज्जारज्जू खालीं उतरतो. करंगळीएवढ्या जाडीचा आणि सुमारें ४५ सेंटिमीटर लांबीचा हा दोर. मेंदूची आज्ञा हातापायांस पोंचविणें आणि हातापायांची वार्ता मेंदूस कळविणें, हीं दोन्ही कामें तोच करतो. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीं दोर संपतो व त्याच्या पुढें घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुबका लोंबतो.

आतां हाड मोडलें तर तें जुळतें. गांवचा हाडवैद्यही कांबी बांधून मोडलेला हात बरा करीत असे, तो हाडाच्या या गुणामुळें. परंतु मज्जारज्जूस हा गुण नाहीं. १९०६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालेले स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविलें कीं, तुटलेल्या रज्जूंतील तंतूंना प्रथम कोंब फुटतात, पण ते थोडेसे वाढून थबकतात व सुकून जातात. म्हणजे कण्याच्या शस्त्रवैद्याचा व्यवसाय विलक्षणच म्हणावयाचा. रोगी त्याच्याकडे येतो तो पाय मागण्यासाठीं. आणि त्याच्या हातांत असतें तें फक्त रज्जूवरचा दाब काढणें आणि मोडका कणा स्थिर करणें. अर्धवट दुखावलेला रज्जू या दोन उपायांनीं सांवरूं शकतो. पुरता तुटलेला रज्जू कोणालाही सांधतां येत नाहीं.

प्राचीनांना हें अनुभवानें कळलें होतें. इजिप्तमध्यें इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० च्या सुमारास नकललेल्या एका वैद्यकीय पपायरसांत, मान निखळून हातपाय लुळे पडलेल्या रोग्याचें वर्णन आहे आणि पुढें स्वच्छ निर्णय आहे कीं, या व्याधीवर उपचार करावयाचा नाहीं. हा निर्णय निष्ठुर वाटतो, पण त्यांत खोटी आशा नाहीं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत हाडें मोडण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. मांडी किंवा पोटरी मोडली असतां रोग्यास 'कपाटशयना'वर, म्हणजे दाराच्या फळीसारख्या सपाट फळीवर निजवावें आणि हालचाल होऊं नये म्हणून पांच खुंट्या ठोकून बांधून ठेवावें, असें तेथें सांगितलें आहे. आणि हाच उपाय कंबर व पृष्ठवंश यांच्या भग्नासही लागू केला आहे. ही फळी श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

अपघातापेक्षां कण्याचा नाश अधिक प्रमाणांत केला तो क्षयरोगानें. कुबड आलेलें मूल पूर्वीं पुष्कळ गांवांत दृष्टीस पडे, आणि लोक तें देवाचें किंवा पूर्वकर्माचें देणें समजत. १७७९ सालीं लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध वर्णिला, म्हणून पश्चिमेकडे या व्याधीस अजून पॉटचा रोग म्हणतात. कुबडाच्या दोन्ही बाजूंस डागून व्रण करावा व पू वाहूं द्यावा, हा त्यांचा उपाय. रोगाचें खरें कारण त्यांना ठाऊक असणें शक्यच नव्हतें. रॉबर्ट कॉक यांनीं क्षयाचा जंतु जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजीं, आणि जिवंत माणसाचें हाड पाहण्याची सोय झाली ती १८९५ त राँटजेन यांनीं क्ष-किरण शोधून काढल्यावर.

मग चित्र स्पष्ट झालें. जंतु मणक्याचा पुढचा भाग पोंखरतो. पुढची बाजू खचली कीं कणा पुढें कलतो व पाठीस कुबड येतें. सडलेलें हाड आणि पू मागें सरकून रज्जूस दाबतात व पाय जातात. घर पुढून खचत असतांना मागून टेकू द्यावा, तशी पहिली युक्ति निघाली. १८९१ सालीं अमेरिकेंत टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन येथें हॅड्रा यांनीं मणक्यांचे मागचे कांटे तारेनें बांधून पाहिले. १९११ सालीं न्यूयॉर्क शहरांत हिब्ज आणि आल्बी या दोघांनीं, एकमेकांपासून निराळ्या रीतींनीं, मागचे मणके हाडाच्या तुकड्यांनीं एकजीव केले; आल्बी यांनीं तर रोग्याच्याच नडगीचें हाड काढून तें पाठींत बसविलें. टेकू मजबूत होता. पण आग पुढच्या खोलींत होती, आणि ती तशीच धुमसत राहिली.

त्यामुळें खरा उपचार उरला तो अंथरुणाचा. मोकळी हवा, दूध, अंडीं आणि मानेपासून मांडीपर्यंत प्लास्टरचें कवच. महिनेच्या महिने, कधीं वर्षेंच्या वर्षें, रोग्यानें उताणें पडून आढ्याकडे पाहात राहावयाचें. मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयाचें नांव महाराष्ट्रांतील मागच्या पिढ्यांना चांगलें परिचित होतें, आणि तें नांव उच्चारतांना आवाज हलका करण्याची रीत होती. पैसेवाल्यास सॅनेटोरियम मिळे. इतरांस माजघरांतली बाज.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ त लागला व १९५२ पासून आयसोनियाझिड वापरांत आलें. एवढा अवधि मिळतांच शस्त्रवैद्यांची हिंमत वाढली. हाँगकाँगमध्यें हॉजसन आणि स्टॉक यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलेली पद्धत धाडसाची होती. छाती किंवा पोटाच्या बाजूनें थेट मणक्याच्या पुढच्या भागावर जावयाचें, सडकें हाड निपटून काढावयाचें आणि त्या पोकळींत बरगडीचा तुकडा ठोकून बसवावयाचा. आग लागलेल्या खोलींतच माणूस शिरला. परिणाम इतके चांगले कीं, कण्याचा क्षय म्हणजे शस्त्रक्रियेचा रोग, असें पुष्कळांना वाटूं लागलें.

आणि येथें या इतिहासांतला सर्वांत सुंदर भाग येतो. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलनें कोरिया, ऱ्होडेशिया व हाँगकाँग येथें, आणि पुढें मद्रासेंतही, रोग्यांचे गट पाडून तुलना आरंभिली. कोणी अंथरुणावर, कोणी प्लास्टरमध्यें, कोणी चालता-फिरता, कोणी शस्त्रक्रिया केलेला; औषधें मात्र सर्वांना. १९७० नंतर निष्कर्ष येत गेले, आणि त्यांनीं शंभर वर्षांची समजूत मोडली. ज्यांचे पाय गेलेले नाहींत अशा बहुसंख्य रोग्यांत, औषधें नियमानें घेतलीं तर अंथरुणानें कांहीं अधिक मिळत नव्हतें, प्लास्टरनेंही नाहीं. हाँगकाँगच्या शस्त्रक्रियेनें हाड लवकर जुळे व कुबड कमी राही. पण ती निष्णात हातांनींच व्हावी लागे, आणि तिच्याखेरीजही बहुतेक रोगी बरे होत होते. क्षयाच्या रोग्यास घरीं ठेवून औषध दिलें तरी तो सॅनेटोरियममधल्याइतकाच बरा होतो, हें फुफ्फुसाच्या क्षयाबाबत मद्रासच्या प्रयोगानें १९५९ सालींच दाखविलें होतें. तेंच आतां कण्यालाही लागू पडलें.

काशी हिंदु विश्वविद्यालयांतील अस्थिशल्यज्ञ सुरेंद्र तुली यांनीं १९७५ त आपल्या रोग्यांचा अनुभव 'मध्यम मार्ग' या नांवानें प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ साधा आहे. प्रथम औषध सर्वांना. औषधानें पाय सुधारत नसतील, उलट बिघडत असतील, किंवा कणा ढासळत चालला असेल, तर आणि तरच शस्त्र. शस्त्रक्रियेवर पोट असणाऱ्या माणसानें शस्त्र केव्हां खालीं ठेवावें हें मोजून-मापून सांगावें, हें कोणत्याही व्यवसायांत वारंवार घडत नाहीं. वकिलांनीं खटले टाळण्याचें शास्त्र लिहिल्याचें ऐकिवांत नाहीं.

कण्याचा क्षय महाराष्ट्रांतून गेलेला नाहीं. आठवडेच्या आठवडे न हटणारी व रात्रीं वाढणारी पाठदुखी, संध्याकाळची कणकण, उतरतें वजन आणि चालतांना पायांत आलेला अडखळा, हीं लक्षणें एकत्र दिसल्यास मलम-शेक करीत बसूं नये. सरकारी कार्यक्रमांत क्षयाचीं औषधें विनामूल्य मिळतात. तीं मध्येंच सोडलीं तर मात्र जंतु औषधास जुमानीत नाहींत, आणि मग शस्त्रवैद्यासही फारसें कांहीं करतां येत नाहीं.

सध्यांच्या शहरी घरांत कण्याचें नांव निघतें तें निराळ्याच कारणानें. 'मणक्यांत गॅप आला' हें वाक्य पुण्यामुंबईच्या चाळींपासून पारनेरच्या बाजारापर्यंत सारखेंच ऐकूं येतें. गंमत अशी कीं, वयपरत्वें गादी सुकते तेव्हां दोन मणक्यांमधील अंतर वाढत नाहीं, कमी होतें. तरी शब्द रूढ झाला तो झालाच. गादीचा गर मागें फुटून बाहेर आला व मज्जातंतूस टोंचूं लागला, म्हणजे कमरेपासून पोटरीपर्यंत ठणका उतरतो. या दुखण्याचें हें कारण १९३४ सालीं बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनीं सिद्ध केलें. तोंपर्यंत कोणी त्याला वात म्हणे, कोणी थंडी. कारण सांपडलें आणि उपायही सांपडला. फुटलेला गर काढून टाकला कीं पुष्कळ रोगी दुसऱ्या दिवशीं हंसत उठत.

नुसता गर काढून भागत नाहीं, कणा डळमळीत असेल तर दोन मणके जोडावे लागतात. पाठीमागच्या वाटेनें आंत जाऊन गादीच्या जागीं हाड बसविण्याची रीत हवाई बेटांतील राल्फ क्लाउअर्ड यांनीं घालून दिली व १९५३ त प्रसिद्ध केली. रीत अवघड होती. हिंदुस्थानांत तिचा पुरस्कार करणाऱ्यांत गोव्याच्या वाडी-तळावली गांवचे डॉ. प्रेमानंद शांताराम रामाणी अग्रगण्य होत. १९३८ चा त्यांचा जन्म. इंग्लंडांत न्यूकॅसल येथें मज्जाशस्त्रक्रियेचें काम केल्यावर ते मुंबईस परतले व शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयांत त्या शाखेचे प्रमुख झाले. म्हणजे हें ज्ञान आलें तें गिरणगांवच्या आणि झोंपडपट्टीच्या माणसाला खाट मिळते अशा जागीं. त्यांनीं या शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिले, स्वतः उतारवयांतही लांब पल्ल्याच्या शर्यती धांवले, आणि आपल्या मराठी आत्मचरित्रास 'ताठ कणा' हें नांव दिलें.

पण येथेंही तोच प्रश्न उभा राहतो कीं शस्त्र कोणाला आणि केव्हां. एमआरआय यंत्रानें गादी घरबसल्या दिसूं लागली व दिसलेली प्रत्येक गोष्ट रोग वाटूं लागली. १९९४ सालीं अमेरिकेंत पाठ न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींची या यंत्रानें तपासणी केली, तेव्हां निम्म्याहून अधिक, म्हणजे शेंकडा ५२ जणांच्या एका तरी गादीस फुगवटा आढळला. ज्यांना कसलाही त्रास नव्हता त्यांची ही गत! नॉर्वेचे वेबर यांनीं १९८३ त दहा वर्षांची तुलना प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया झालेले रोगी पहिल्या वर्षीं स्पष्टपणें सरस होते. चार वर्षांनीं फरक पुसट झाला. दहा वर्षांनीं उरला नाहीं. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी असा कोणीं काढूं नये. असह्य वेदनेचें एक वर्ष वांचणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे, रोजावर काम करणाऱ्यास तर नव्हेच. मात्र नुसत्या फोटोवर विसंबून पाठ उघडणाराही शहाणा नव्हे आणि उघडून घेणाराही नव्हे. याला अपवाद एकच, आणि तो प्रत्येक घरांत माहीत असावा. पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल लुळें पडलें, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. त्या घोड्याच्या शेपटीवर दाब आलेला असतो आणि तेथें तासांचा हिशेब असतो.

तासांचा असाच हिशेब अपघातांत असतो, आणि त्यासाठीं पुन्हा पारनेरच्या माळावर यावें लागतें. या भागांत विहिरी खोल. यारीचा दोर तुटतो, काठ ढांसळतो, चिंचेच्या झाडावरून पाय सटकतो, आणि नगर-पुणे रस्ता तर जवळच आहे. माणूस पडला कीं चारजण धांवतात, दोघे खाकेंत हात घालतात, दोघे पाय धरतात, आणि झोळीसारखा उचलून त्याला जीपच्या बाकावर बसवितात. हेतु पूर्ण प्रेमाचा. परंतु मोडलेल्या मणक्याची धार त्या एका उचलण्यांत रज्जूवरून फिरते, आणि पडतांना शाबूत राहिलेले पाय जीपमध्यें जातात. पुण्याचा अगर मुंबईचा कितीही थोर शस्त्रवैद्य पुढें तें नुकसान भरून देऊं शकत नाहीं. तेथें सुश्रुताची फळी हवी. गांवांत दुसरें कांहीं नसलें तरी दार असतें. मान व डोकें दोन्ही हातांनीं शरीराच्या रेषेंत धरून, ओंडका वळवावा तसा माणूस एका सपाट्यांत वळवावा, दाराच्या फळीवर घ्यावा, आणि मानेच्या दोन्ही बाजूंस गुंडाळलेलें धोतर लावून बांधावा. २०१४ पासून महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ती येईपर्यंत, माणूस पाण्यांत किंवा आगींत नसेल तर, त्याला हलवूंच नये हें उत्तम.

पुढचें काम रुग्णालयाचें. मानेच्या रज्जूस इजा झालेल्यांवरील एक मोठी पाहणी २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत २४ तासांच्या आंत दाब काढलेल्या रोग्यांत लक्षणीय सुधारणा होण्याचा संभव अधिक आढळला. या भागांतील रोग्यास नगर, लोणी आणि पुणें अशा वाटा आहेत. लोणीस १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे, ही या जिल्ह्यास साखरेपेक्षांही मोलाची गोष्ट झाली. कणा स्थिर करण्याचीं साधनेंही मधल्या काळांत पालटलीं. १९६२ सालीं ह्यूस्टनच्या हॅरिंग्टन यांनीं पोलिओनें वांकडे झालेले कणे पोलादी सळीनें उभे केले. मेक्सिकोचे लुके यांनीं सळीस प्रत्येक मणक्याशीं तारेनें बांधलें. उष्ण देशांतील गरीब रोग्यास प्लास्टर सोसवत नाहीं हा विचार त्यांत होता. पॅरिसच्या रॉय-कामिल यांनीं मणक्याच्या मुळांतून स्क्रू घालून दाखविला व आज बहुतेक ठिकाणीं तीच रीत चालते. या सर्वांचें फळ एकच, पण मोठें. पूर्वीं मोडक्या कण्याचा रोगी दोन-तीन महिने उताणा पडून राही. आतां तो थोड्या दिवसांत उठून बसतो.

उठून बसण्याचें महत्त्व ज्यानें रात्रंदिवस शुश्रूषा केली आहे त्यालाच कळेल. कारण लुळा पडलेला माणूस लुळेपणानें मरत नाहीं. तो मरतो पाठीस व कुल्ल्यांस पडलेल्या व्रणांनीं आणि मूत्राशयांतून मूत्रपिंडांत चढलेल्या पुवानें. पहिल्या महायुद्धांत कण्यास जखम झालेले बहुतेक सैनिक असेच गेले. शस्त्रवैद्यांनीं गोळ्या काढल्या, आणि रोगी अंथरुणांत कुजले.

हें थांबविलें तें लुडविग गुटमन यांनीं. हे ज्यू मज्जारोगतज्ज्ञ हिटलरच्या जर्मनींतून इंग्लंडला आले आणि १ फेब्रुवारी १९४४ रोजीं स्टोक मँडेव्हिल येथें त्यांनीं अशा रोग्यांचा कक्ष उघडला. दर दोन तासांनीं रोग्याची कूस बदलावयाची, रात्रींही. मूत्राशय स्वच्छ हातांनीं रिकामें करावयाचें. आणि रोग्यास स्वस्थ पडूं द्यावयाचें नाहीं. काम, शिक्षण, खेळ. गुटमन स्वतः घाईच्या शस्त्रक्रियेचे विरोधक होते, आणि त्यांचा हा विरोध शस्त्रवैद्यांस झोंबे. पुढें सळ्या व स्क्रू सुधारल्यावर त्या बाबतींत काळ त्यांच्या मागें राहिला नाहीं. पण परिचारिकेचे दोन तास सर्जनच्या दोन तासांइतकेच मोलाचे, हा त्यांचा मुद्दा अजून कोणाला खोडतां आलेला नाहीं. २९ जुलै १९४८ रोजीं त्यांनीं चाकांच्या खुर्चींतील १६ रोग्यांचे धनुर्विद्येचे सामने भरविले. १९६० सालीं रोम येथें त्यांचेच जागतिक स्वरूप झालें.

मुरलीकांत पेटकर १९६५ त जखमी झाले ते या ज्ञानाच्या उदयानंतर. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयांत त्यांच्यावर दीर्घ उपचार झाले. शस्त्रवैद्यांनीं जीव वांचविला. पाय पूर्ववत् करणें त्यांच्या शक्तीबाहेर होतें. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यांत उतरविण्यांत आलें, कारण पाण्यांत शरीराचा भार कण्यावर पडत नाहीं आणि मुष्टियोद्ध्याचे खांदे अद्याप शाबूत होते. ऑगस्ट १९७२ मध्यें जर्मनींतील हायडेलबर्ग येथें, गुटमन यांच्या खेळांतून वाढलेल्या त्या जागतिक स्पर्धेंत, ५० मीटर मुक्त शैलीचें अंतर पेटकरांनीं ३७.३३ सेकंदांत कापलें. तो जागतिक उच्चांक होता, आणि पॅरालिंपिकमधील भारताचें तें पहिलें सुवर्णपदक.

मुंबईंत हाजी अली येथें अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करीत होतीच. सैनिकांसाठीं पुण्याजवळ खडकीस १९७४ सालीं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र निघालें. १९१७ त मुंबईंत स्थापन होऊन पुढें खडकीस आलेली, अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तेथें पूर्वीपासून होती. नागरी माणसासाठीं मात्र अशा जागा थोड्या आहेत. विहिरींत पडलेल्या शेतकऱ्याचा कणा स्क्रूंनीं जोडला जातो, आठवड्या-दोन आठवड्यांत त्याला घरीं सोडतात, आणि मग दर दोन तासांनीं कूस बदलण्याचें काम त्याच्या बायकोकडे किंवा आईकडे येतें. तें कसें करावें, लघवीची नळी कशी हाताळावी, हें तिला कोणी नीट शिकविलेलें असेलच असें नाहीं. शस्त्रक्रियेच्या खोलींत वांचलेला माणूस ओसरीवरच्या बाजेवर गमावला जातो तो येथें.

पेटकर यांना २०१८ सालीं पद्मश्री मिळाली. जानेवारी २०२५ मध्यें राष्ट्रपति भवनांत अर्जुन पुरस्काराच्या जीवनगौरवासाठीं त्यांचें नांव पुकारलें गेलें, तेव्हां वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, कांखेंत कुबड्या घेऊन, ते चालत पुढें आले.